स्वतःला काय समजता?

मुख्य बाईंनी ते कागद वाटले तेव्हा स्टाफरूममध्ये एकदम हशा पिकला. वाद्यं शिकवणाऱ्या शिक्षकांची कुठल्याशा वरच्या ऑफिसला पाहणी करायची होती, आणि ज्या कुणा हुशार माणसाने प्रश्न काढले होते त्याने पहिलाच प्रश्न काढला होता, ‘तुम्ही स्वतःला काय समजता?’ खाली तीन चौकोन. (अ) वादक. (ब) शिक्षक. (क) दोन्ही.

“हे तर माझे सासरे मला गेली वीस वर्षं विचारतायत,” ट्रम्पेटचे मास्तर म्हणाले. “फक्त त्यांनी कधी चौकोन दिले नाहीत.”

पियानोच्या बाईंनी ‘ब’वर खूण केली आणि त्या परत चहाकडे वळल्या. त्यांचं सगळं असंच चटकन असायचं. “मी सहा-सहा वर्षांच्या पोरांची बोटं सरळ करते. त्याला कोणी वादन म्हणत असेल तर म्हणो बापडा.”

“मी वादक!” मास्तरांनी ‘अ’वर दाबून खूण केली. “शिकवणं आपलं पोटापाण्यापुरतं.”

“लोकांसमोर शेवटचं कधी वाजवलंत?” बाईंनी विचारलं.

“चार वर्षं झाली. चपलांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. पण गर्दी होती हं!”

राहिले आपले सध्यासर. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की सर म्हणायचे, “मी व्हायोलिन वाजवतो. सध्या शिकवतोय.” हे ‘सध्या’ आता सत्तावीस वर्षांचं झालं होतं. तेवढ्या काळात शाळेला तीनदा रंग लागला, दोन मुख्य बाई निवृत्त झाल्या, सरांची मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, पण सरांचं ‘सध्या’ काही संपेना. शेवटी स्टाफरूमने त्यांना सध्यासर म्हणायला सुरुवात केली. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण नाव इतकं चपखल होतं की रागवता येईना.

कागद समोर घेऊन ते बराच वेळ बसले. ‘अ’ लिहावं तर पियानोच्या बाई बघत होत्या. ‘ब’ लिहायला हात धजेना. आणि ‘दोन्ही’ हे उत्तर कोण देतं, तर ज्याला धड एकही जमलेलं नसतं तो, असं त्यांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. दुसरा प्रश्न त्याहून वाईट होता. ‘तुमचं शिकवणं विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलं, हे तुम्हाला कशावरून कळतं?’ पुढे पाच रिकाम्या ओळी.

“पाच ओळी!” सर पुटपुटले. “मला एक शब्द सुचला तरी खूप.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि व्हायोलिनच्या पेटीत, गजाला लावायच्या राळेच्या डबीखाली सरकवून दिली.

त्या डबीखाली आधीच एक कागद होता, आणि तो त्यांनी बायकोखेरीज कोणाला दाखवला नव्हता. शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एक जागा निघाली होती. वयाची अट, पंचावन्न पूर्ण नसावीत. सरांना पंचावन्न पूर्ण व्हायला दोन महिने होते. म्हणजे ही शेवटची संधी. यानंतर ‘सध्या’ हा शब्द वापरायला कायद्यानेच बंदी आल्यासारखं होतं. त्यांनी अर्ज करून टाकला होता.

“करा की,” बायको म्हणाली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे बारीक डोळे करून बघायची तिला सवय होती. “फक्त तिथे नाक ओढू नका.”

“मी कुठे नाक ओढतो?”

“वाजवताना. जोरात. मुलगी लहान होती तेव्हा दचकायची.”

“सर्दी झाली असेल तेव्हा.”

“सत्तावीस वर्षं?” बायको म्हणाली. पण सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्याच्या कलेत बायका काहीतरी खोट काढायच्याच, असं स्वतःला समजावून ते मोकळे झाले.

आता खरं संकट ऐका. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी घाईबाई शिकायला आली. ती आठ वर्षांची असताना सरांकडे आली होती, आता चोवीस वर्षांची झाली होती, आणि एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटना वेळा द्यायची. लहानपणी प्रत्येक गत ती अशी पळवायची की सर ठेका धरून मागे धापा टाकत राहायचे. म्हणून घाईबाई. सरांचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर शेवटचा. एक खिडकी कधी नीट लागायची नाही, भिंतीला हात दिसावा म्हणून लावलेला उभा आरसा, आणि फरशीवर विद्यार्थ्याने कुठे उभं राहायचं त्याची खडूची खूण. घाईबाई त्या खुणेवर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वाद्यवृंदात जागा निघालीये. मी अर्ज केलाय.”

सर राळेची डबी उघडत होते. ती त्यांच्या हातून सुटली आणि थेट कपाटाखाली गेली.

“अरे वा,” कपाटाखालून सर म्हणाले.

“डॉक्टर म्हणतायत, पूर्ण दिवस ये. मग शिकणं बंद, सराव बंद. तेव्हा आता शेवटचं एकदा, सर. नाही जमलं तर व्हायोलिन कपाटावर ठेवून देणार. कायमचं.” ती हे हसत हसत म्हणाली खरी, पण तिची हनुवटी थरथरली.

त्याच वेळी सरांनी सांगून टाकायला हवं होतं, की बाई गं, मीही अर्ज केलाय. सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तर लाज वाटली. आपण या वयात तिच्याबरोबर रांगेत उभं राहणार, आणि वर तिनेच आपल्याला मागे टाकलं तर? “काय गुरुजी,” त्यांनी मनात स्वतःलाच हात जोडले, “कपाटाखाली शिरलाच आहात तर आता तिथेच राहा.”

चाचणीत सगळ्यांना एकच तुकडा वाजवायचा होता. संथ, सोपा वाटणारा, आणि मध्ये एक खड्डा. डावा हात खुंट्यांपाशी असतो तो एका दमात तारेवरून थेट हनुवटीच्या बाजूला न्यायचा आणि तिथला वरचा सूर अचूक पकडायचा. या उडीत भलेभले आपटायचे. सरांनी वीस वर्षं खपून या उडीची एक युक्ती शोधून काढली होती. कुठल्या बोटावरून निघायचं, कुठल्या बोटावर उतरायचं आणि मध्ये किती थांबायचं. ती त्यांची आयुष्याची एकमेव पुंजी. ही मात्र तिला द्यायची नाही, असं त्यांनी त्या मंगळवारी पक्कं ठरवलं.

पक्कं म्हणजे कसं, तर साधारण अकरा मिनिटं टिकेल इतकं. घाईबाईने उडी मारली, ती आपटली, आणि सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. “अगं, अशी काय धडपडतेस? इकडे बघ!” म्हणून त्यांनी आपलं व्हायोलिन उचललं आणि सगळी युक्ती बोटांसकट दाखवून टाकली. “उडीच्या आधी थांब. कोणी तुझ्या मागे लागलेलं नाही. हं, आता माझ्याबरोबर.”

सर नेहमी विद्यार्थ्याबरोबर वाजवायचे. सांगून कळत नाही ते ऐकून कळतं, असं त्यांचं तत्त्व होतं. ट्रम्पेटचे मास्तर म्हणायचे, तत्त्व कसलं, यांना स्वतःलाच वाजवायची हौस. दोन्ही खरं असावं. सहाव्या वेळी घाईबाईची उडी अशी अचूक बसली की सरांना आनंद झाला आणि लगेच आपली शेवटची संधीही आठवली.

तिने स्टँडवरच्या कागदावर उडीच्या आधी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. सरांनी वाकून पाहिलं. ‘सूं’. सूर सांभाळायचा म्हणून ‘सू’ लिहिलं असणार, आणि वरचा ठिपका पेन्सिलीचा, असा त्यांनी अर्थ लावला. पोरगी मन लावून शिकतेय, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि दारापाशी एक कारकून. आतल्या दालनात मधोमध जाड पडदा. पडद्याच्या एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला उमेदवार. नाव नाही, फक्त नंबर. बुटांचा आवाजही ओळखू येऊ नये म्हणून खाली सतरंजी घातली होती. उमेदवाराने तोंडातून शब्द काढला की बाद. पडद्याच्या पलीकडे डोकावलं तरी बाद. सरांना सात नंबर मिळाला.

ते कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकताहेत तोच समोरून हाक आली. “सर! तुम्ही माझ्यासाठी आलात?”

घाईबाईच्या हातात बारा नंबरची चिठ्ठी होती. सरांनी आपली चिठ्ठी मुठीत चुरगळली. “हो ना,” ते म्हणाले.

“आणि व्हायोलिनपण आणलंत! माझी तार तुटली तर म्हणून ना?”

“हो ना.”

तिचे डोळे भरून आले. सरांना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण जमीन दगडी होती. तेवढ्यात कारकुनाने पुकारलं, “सात नंबर!” कोणीच उठेना. “सात नंबर आहे का?”

“मी जरा बाथरूमला जाऊन येतो,” सर म्हणाले.

“व्हायोलिन घेऊन?”

“इथे ठेवलेलं बरं नाही. चोऱ्या होतात हल्ली.”

अशा रीतीने सत्तावीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणाकडे सध्यासर बाथरूमचं निमित्त करून, कारकुनाला हळूच चिठ्ठी दाखवून दालनाच्या मागच्या दाराने गेले. वाजवलं मात्र चांगलं. आधी हात गारठले होते, पण दोन ओळींनंतर गज तारेवर ठरला, उडीही नीट बसली, आणि पडद्यापलीकडे कोणीतरी हळूच “वा” म्हणालं. सर त्याच दाराने निघून, वळसा घालून व्हरांड्यात परत आले तेव्हा त्यांचं वय निदान दहा वर्षांनी उतरलं होतं. जमलं बहुतेक आपल्याला, असं त्यांना वाटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

मग बारा नंबर पुकारला. घाईबाई त्यांच्या पाया पडायला वाकली, सरांनी तिला खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाले, “थांब, बरं का. उडीच्या आधी थांब.” ती आत गेली. दार पुरतं लागलं नव्हतं. सर फटीपाशी उभे राहिले.

आणि ते ऐकतच राहिले. तो तुकडा त्यांनी आयुष्यभर हजारदा वाजवला होता, पण स्वतःच्या हनुवटीखाली वाजत असताना तो कधी असा समोरून ऐकला नव्हता. सुराला खालून हात घालून उचलायची त्यांची सवय, ओळीच्या शेवटी गज हलका करायची त्यांची लकब, सगळं त्यांचंच. पण त्यांचा गज जिथे किंचित थरथरायचा तिथे हिचा थरथरत नव्हता. हे तुकड्याचं ते रूप होतं जे सरांच्या डोक्यात वाजायचं आणि हातात कधी पुरतं उतरायचं नाही. उडी आली. ती थांबली. त्या शांततेत मोठ्याने आवाज आला, ‘सूं!’ आणि वरचा सूर लखलखीत लागला.

कोणाला तरी सर्दी झालीये वाटतं, सरांच्या मनात आलं.

“थांबवा!” आतून एक जाडा आवाज कडाडला. ते अध्यक्ष असावेत. “हा काय प्रकार आहे? हा सात नंबरच आहे! तोच हात, तीच बोटं, आणि उडीच्या आधी तसंच नाक ओढणं. दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन हा माणूस परत आलाय. बारा नंबर बाद! सात नंबरचं आपण आधी ऐकलंय तेवढं धरा.”

सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सूं. सूर नव्हे, सूं. ते पेन्सिलीने लिहिलेलं नाक होतं, आणि ते त्यांचंच नाक होतं. सोळा वर्षं तिच्याशेजारी उभं राहून ते प्रत्येक उडीच्या आधी नाक ओढत आले होते आणि पोरीने ते युक्तीचाच भाग समजून इमानदारीने उतरवून घेतलं होतं. बायको म्हणत होती ते खरं होतं! काय दिवे लावलेत, सर!

कारकून दारात अवघडून उभा होता. “अहो, सांगा ना त्यांना,” सर कुजबुजले. “ती वेगळी आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.”

“मला उमेदवाराबद्दल एक अक्षर बोलायची परवानगी नाही,” कारकून कासावीस होऊन म्हणाला. “बाई की बुवा, तेसुद्धा सांगायचं नाही. नोकरी जाईल माझी.”

आणि घाईबाईलाही बोलता येत नव्हतं. बोलली की बाद. ती पडद्यामागे गप्प उभी असणार.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. सात नंबर धरलेला होता. कोणी “वा” म्हटलं होतं. सरांनी काहीही करायची गरज नव्हती, आणि काहीही न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. एक, दोन, तीन, असे ते चांगले आठ ठोके उभे राहिले. हे आठ ठोके पुढे कित्येक दिवस त्यांना टोचत राहिले. नवव्या ठोक्याला त्यांनी दार ढकललं, सतरंजी ओलांडली आणि पडदा बाजूला सारून ते परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

“सात नंबर मी,” ते म्हणाले.

पांढऱ्या दाढीचे अध्यक्ष ताडकन उठले. “पडदा ओलांडलात? बाद! तोंड उघडलंत? बाद! नियम वाचता येत नाहीत? स्वतःला काय समजता हो तुम्ही?”

सत्तावीस वर्षांत इतक्या जोरात कोणी विचारलं नव्हतं. सरांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “पर्याय ब.”

“काय?”

“शिक्षक. मी शिक्षक आहे हो. पडद्यामागे आहे ती माझी विद्यार्थिनी.” ‘सध्या’ म्हणायचं राहून गेलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दारातून कारकून कळवळला, “बाई आहे ते सांगून टाकलंत!”

“विद्यार्थिनी?” अध्यक्षांनी डोळे बारीक केले. “कशावरून?”

कशावरून? जागा गेली होती, आयुष्यभराची वाट पाहणं सतरंजीवरच्या चार पावलांत संपलं होतं, आणि वाईट वाटायच्या ऐवजी त्यांना त्या पोरीचा नुसता अभिमान वाटत होता. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यापाठोपाठ नाकातही. सरांनी ते जोरात ओढलं. ‘सूं!’

पडद्यामागून लगेच उत्तर आलं. ‘सूं!’ ती रडत होती.

चारही परीक्षकांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग टोकाला बसलेल्या बाई पोट धरून हसू लागल्या. “दोघं आहेत हो, दोघं!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “अध्यक्ष, आपल्याला अजून ना तिचं नाव माहीत, ना चेहरा. बारा नंबरला पुन्हा वाजवू द्या. आणि सर, तुम्ही बाहेर व्हा बघू.”

सर बाहेर झाले. आतून तुकडा पुन्हा सुरू झाला, उडीशी आला, थांबला, ‘सूं’ झालं आणि सूर लागला. या वेळी कोणी ओरडलं नाही.

ती बाहेर आली आणि सरांसमोर उभी राहिली. “सर, तुम्ही बाथरूमला गेला होतात ना?”

“नाही गं,” सर खाली बघत म्हणाले. “तुझ्यासाठीही आलो नव्हतो. तुला खोटं सांगितलं. मला माफ कर.”

तिने हातातली चिठ्ठी चुरगळली. रागावली होती, आणि तो राग तिने लपवला नाही. मग म्हणाली, “सात नंबर वाजत होता ना, तेव्हा मी दाराशी उभी होते. म्हटलं, हा कोण सरांसारखा वाजवणारा आला? आता आपलं काही खरं नाही.”

“सरांसारखा!” सर म्हणाले. “मी तर आत तुझ्यासारखं वाजवायला धडपडत होतो.” मग दोघंही हसली, आणि हसता हसता दोघांनीही नाकं ओढली, तशी शेजारच्या खुर्चीतला चौदा नंबर उठून लांब जाऊन बसला.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. जागा घाईबाईला मिळाली. दंतवैद्यांनी नवी मुलगी शोधली. सरांना पंचावन्न पूर्ण झाली, आणि त्या दिवशी बायकोने त्यांना अर्धा डझन रुमाल दिले.

मुख्य बाईंनी कागदासाठी चौथ्यांदा आठवण केली तेव्हा सरांनी पेटीतल्या राळेच्या डबीखालून ती घडी काढली. पहिल्या प्रश्नाखाली ‘ब’वर खूण केली. पियानोच्या बाई मान लांब करून बघत होत्याच. “सध्या?” त्यांनी विचारलं.

“कायमचं,” सर म्हणाले.

मग दुसरा प्रश्न. तुमचं शिकवणं विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलं, हे तुम्हाला कशावरून कळतं? सरांनी पाचही ओळी नीट पाहून घेतल्या, पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीवर एकच शब्द लिहिला. ‘नाकावरून.’